शेरीफची हद्द घाटमाथ्यावर संपते का?

निशांत_फ्रीमाँट: परवा गणपतीच्या जेवणात पेटलेला वाद इथे आणतोय. कॅलिफोर्नियात हायवे १७ वर घाटमाथ्याला सांता क्रूझ काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) संपते, सांता क्लारा सुरू होते. तिकडच्या शेरीफच्या (काउंटीचा निवडून आलेला मुख्य पोलीस अधिकारी) डेप्युटीने, म्हणजे हाताखालच्या पोलिसाने, माथा ओलांडून इकडे कुणाला अटक करावी का? मी म्हणतो, नाही. माझ्या काउंटीच्या शेरीफला मी मत न देऊन घरी बसवू शकतो. शेजारच्याचं काय वाकडं करणार?

शर्वरी: कॅलिफोर्निया दंडसंहितेचं कलम ८३०.१ बघ. डेप्युटीचा अधिकार राज्यभर चालतो, पण मोकाट नाही. गुन्हा त्याच्या काउंटीत घडलेला हवा किंवा तसा सबळ संशय हवा. नाहीतर तिथल्या शेरीफची वा पोलीस प्रमुखाची आधी संमती. नाहीतर डोळ्यांदेखत गुन्हा, आणि जिवाला-मालमत्तेला तातडीचा धोका किंवा आरोपी निसटण्याची भीती. राज्यात ५८ काउंट्या आहेत, दर वेशीवर ब्रेक मारायचा का?

निशांत_फ्रीमाँट: शेवटचीच सवलत खटकते. 'तातडीचा' हे ठरवणार कोण? तोच डेप्युटी, रात्री दोनला, एकटा.

बापू: आणि चुकीचं ठरवलं तरी त्याचं काय बिघडतं? २००८ चा व्हर्जिनिया विरुद्ध मूर खटला आठवा. राज्याच्या कायद्याने समन्स देऊन सोडायचं होतं, पोलिसांनी अटक केली, झडतीत कोकेन सापडलं. अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं, सबळ कारण होतं ना, मग चौथ्या घटनादुरुस्तीचा (अवाजवी झडती-अटकेपासून संरक्षण) भंग नाही. पुरावा टिकला.

शर्वरी: बापू, तिथे हद्दीचा प्रश्नच नव्हता. आणि पुरावा बाद करून निशांतला मतदानाचा हक्क मिळणार आहे का? आरोपी सुटेल, बस. भारतात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८ पोलिसाला देशभर पाठलाग करू देत होतं. तेव्हा कुणी वेस आठवत नव्हतं.

बापू: भारतातला पोलीस निवडून येत नाही, बाई. तुलना तिथेच फसते. (मुंबईच्या शेरीफचं बरंय, मानाची खुर्ची, अटकेची भानगडच नाही.)

निशांत_फ्रीमाँट: नेमकं हेच. बरं शर्वरी, पाठलागाचा मुद्दा सोडला तुझ्यासाठी. पण ती संमती तरी लेखी असावी आणि आमच्या शेरीफने ती जाहीर करावी. त्याला तर मी मत देतो ना?

शर्वरी: लेखी चालेल. जाहीर केलीस तर चोरही वाचतील.