पाचवी डिस्क राखीव ठेवायची आहे, पण ती वेळेला उठेल का?

स्टुडिओवाला_सांगली:
मंडळी, माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा. दुकानात डेबियन लिनक्सचं एक मशीन आहे, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सच्या एमडीएडीएम टूलवर रेड-५, म्हणजे चारही मिळून एकच साठा आणि एक गेली तरी डेटा शाबूत. तुळशीचं लग्न उरकून ऐन सीझन सुरू झाला आणि एक डिस्क गेली. मला कळलं अकरा दिवसांनी, तेही "दादा, कॉपी लई हळू चाललीय" म्हणून पोऱ्या कुरकुरला तेव्हा. त्या अकरा दिवसांत दुसरी गेली असती तर सहा वधुपित्यांना काय तोंड दाखवलं असतं!
गेलेली बदलली. आता पाचवी आणली आहे. एखादी गेली की हिने आपोआप जागा घ्यावी, एवढंच हवंय. नुसती जोडली की झालं?

जुना_अॅडमिन:
नुसत्या केबलने नाही होत. चारही डिस्क धडधाकट असताना पाचवी अॅड करा, ती आपोआप स्पेअर (राखीव) म्हणूनच बसते. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) तिच्या नावापुढे कंसात 'एस' दिसला पाहिजे. पुढे एखादी फेल झाली की कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा स्पेअरवर पुन्हा भरणं, सुरू करतो, तुम्ही मांडवात असलात तरी.
माप मात्र बघून घ्या. रेडने प्रत्येक डिस्कवर जेवढी जागा धरली आहे त्याहून ही जराशी जरी लहान निघाली तरी घेणार नाही.
आणि अकरा दिवस कळलं नाही, म्हणजे मेल येत नव्हता. एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये मेलचा पत्ता टाका, त्याचा मॉनिटर टेस्ट मोडमध्ये चालवून मेल खरंच पोचतो का ते बघा. स्पेअरपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्टुडिओवाला_सांगली:
मेल करतो आजच. पण एक घोळ झालाय. डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, आता मॉडेल नंबर शोधला तर एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) निघाली. चालेल का?

जुना_अॅडमिन:
परत करा. सलग लिहीत राहिलं की एसएमआरचा वेग पार बसतो, आणि रीबिल्ड म्हणजे सलग लिहिणंच. चांगल्या डिस्कलाही ४ टीबीला सात-आठ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या तिघी काठापासून काठापर्यंत वाचल्या जातात. दुसरी जायची तर तेव्हाच जाते.

रात्रपाळी:
मी तर म्हणेन, स्पेअर ठेवूच नका, रेड-६ करा. डिस्क तेवढ्याच पाच, जागा तेवढीच १२ टीबी, आणि दोन गेल्या तरी डेटा शाबूत. लिहायला थोडं हळू, तुमच्या कामात जाणवायचं नाही. रेड-५ चं जागेवरच रेड-६ करता येतं, पण ते तासन् तास चालतं. आधी बॅकअप घ्या.
स्पेअरच ठेवायची असेल तर एक लक्षात घ्या: डेबियनची दर महिन्याच्या पहिल्या रविवारची तपासणी फक्त कामावरच्या डिस्क वाचते, राखीव डिस्कला हातही लावत नाही. तिची स्मार्टची (डिस्कची स्वतःची आरोग्य-तपासणी) लाँग टेस्ट वेगळी लावा. नाहीतर दोन वर्षं बसून मेलेली निघायची.

स्टुडिओवाला_सांगली:
पटलं. दुकानदाराला फोन केला, फरक भरून बदलून देतो म्हणाला. सीझन उरकला की रेड-६.

जुना_अॅडमिन:
बॅकअप आहे ना पण?

स्टुडिओवाला_सांगली:
आहे की. भावाच्या कपाटात. गणपतीतला.