आईच्या स्मरणपुस्तिकेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी आई गेल्या पावसाळ्यात प्रभूमध्ये निजली. आम्ही अलिबागकडचे, मेथडिस्ट मंडळीतले, म्हणजे त्या पंथाच्या चर्चमधले. वर्षस्मरणाच्या उपासनेत नातवंडांना तिच्यावर छोटी पुस्तिका वाटायची आहे.

तिचं पवित्र शास्त्र माझ्यासमोर आहे. दमट हवेनं पानं फुगलीत. स्तोत्रसंहितेच्या समासात पेन्सिलीनं एकेका नातवंडाचं नाव, पुढे बोर्डाची परीक्षा, ताप, नोकरी. ज्याच्यासाठी प्रार्थना पूर्ण झाली, त्याच्यापुढे बारीकसं टिंब. ही पानं छापायचीच आहेत, पण पेन्सिल फिकट झालीय. अक्षर उठून दिसेल असं स्कॅन कसं करावं?

दुसरं म्हणजे, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ती ओवीच्या चालीवर म्हणायची. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे तिला ते घरचेच वाटत. त्या जुन्या चाली कुणाच्या आईला, आजीला येत असतील तर कृपया मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवाल का?

आणि तिच्या बाप्तिस्म्याची तारीख घरात कुठेच लिहिलेली नाही. गावातली मंडळी आता दुसऱ्या पाळकांकडे जोडली आहे. अशा वेळी जुनी नोंदवही साधारण कुणाकडे असते? आधी पाळकांना भेटावं की थेट डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटना (भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ पाळकांना) पत्र लिहावं?