शब्दचर्चा : ‘तैनाती फौज’ नेमकी कुणाच्या तैनातीत?

बीडचे मास्तर

आमच्या क्लासला एमपीएससीची लेकरं आहेत. सराव पेपरात टीप विचारली होती : तैनाती फौज. बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘निजामाने इंग्रजांच्या मदतीला तैनात केलेली फौज’. इतिहास म्हणून हे साफ चूक; फौज इंग्रजांची, ठेवलेली निजामाकडं, त्याच्याच खर्चानं. पण शब्दाकडं बघितलं तर पोरांचा दोष कुठं आहे ते मला सांगता येईना.

त्याच आठवड्यात चालू घडामोडींत ग्रीनलंडचा विषय घेतला : बेट डेन्मार्कचं, मागतेय अमेरिका. डेन्मार्कच्या लष्करी गुप्तवार्ता खात्यानं डिसेंबर २०२५ च्या अहवालात लिहून ठेवलंय की अमेरिका आता मित्रदेशांविरुद्धसुद्धा लष्करी बळ वापरायची शक्यता नाकारत नाही. एका पोरीनं विचारलं, ‘सर, मग अमेरिकेला डेन्मार्कचं मित्रराष्ट्र लिहायचं का शत्रुराष्ट्र?’ दोन्ही लिहवत नाही. ज्याच्या भरवशावर सीमा राखायची त्याचीच भीती, अशा नात्याला मराठीत शब्द आहे का? आणि ही ‘तैनाती’ कुणाची, तेही जाणकारांनी सांगावं.

परभणीकर

मास्तर, मूळ अरबी ‘तअय्युन’. नेमून देणं, ठरवून देणं. फारसीतून आपल्या दफ्तरात आला. पेशवाईच्या कागदांत ‘तैनात जाबता’ सर्रास भेटतो : अमक्यानं इतके स्वार घेऊन चाकरी करायची आणि त्याची नेमणूक इतकी, असा तपशील. म्हणजे चाकरी आणि तिचा पगार, दोन्ही या एकाच शब्दात. ज्याच्या तैनातीत माणूस, तो धनी. आजही ‘चौकात पोलीस तैनात’ म्हणताना पोलीस कुणाच्या हुकमानं उभे आहेत हे सांगावं लागत नाही.

त्या हिशेबानं बघा. १ सप्टेंबर १७९८ च्या तहानं ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा पलटणी निजाम अलीच्या दरबारी आल्या. वर्षाचा खर्च २४,१७,१०० रुपये, निजामाच्या माथी. पैसा निजामाचा, म्हणजे धनी निजाम, असंच कुणीही म्हणेल. पण पलटणीचा अंमलदार गोरा आणि त्याला हुकूम कंपनीचा. त्याच तहात निजामाची फ्रेंच अधिकाऱ्यांनी कवायती बनवलेली फौज मोडायची अट होती. चौदा हजारांच्या घरातली ती फौज ऑक्टोबर १७९८ मध्ये हैदराबादेत बिनलढाईची निःशस्त्र केली. तुमच्या पोरांनी शब्दाचा अर्थ बरोबर लावला, तहानं तो आतून फिरवला होता.

छावणीवाला (संभाजीनगर)

आम्ही राहतो त्या भागाचं नावच छावणी. पाहुणे बीड-आष्टीकडून आले की विचारतात, ‘इथं जनावरं कुठं बांधलीत?’ दुष्काळानं त्यांच्याकडं या शब्दाचा एकच अर्थ उरलाय. असो, चर्चा चालू द्या.

जालनेकर

परभणीकरांनी १७९८ पासून सुरुवात केली, पण खरी गोष्ट तीन वर्षं आधीची आहे. मार्च १७९५, खर्डा. बीडच्या हद्दीला लागूनच आहे गाव. मराठ्यांनी निजामाला तिथं कोंडला तेव्हा कंपनीचा गव्हर्नर जनरल सर जॉन शोर तटस्थ राहिला. निजामाच्या पदरी कंपनीच्या पलटणी होत्या, पण मराठ्यांविरुद्ध वापरायला नव्हत्या. चिडून निजामानं त्या परत पाठवल्या आणि फ्रेंच रेमाँची फौज वाढवली. खर्ड्याच्या तहात दौलताबादसुद्धा सोडावं लागलं.

दोस्ताचा पहिला धोका हा असा. तो चाल करून येत नाही, हाक मारली तर येतच नाही. मग त्याला बांधून घ्यायला आणखी पक्का तह करायचा, आणि पक्क्या तहात आपणच बांधले जायचं.

पुढचं आमच्या गावात घडलं. निजामाच्या रक्षणाला म्हणून ठेवलेली ही फौज कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली शिंद्यांविरुद्ध निघाली आणि २ सप्टेंबर १८०३ ला तिनं जालन्याचा किल्ला घेतला. तीन आठवड्यांनी, २३ तारखेला, असईची लढाई झाली. त्या दिवशी स्टीव्हन्सन पोचला नव्हता. आर्थर वेलस्लीनं एकट्याच्या फौजेनिशी कैलना ओलांडून शिंदे-भोसल्यांवर चाल केली. युद्ध कुणाचं होतं? पुण्याच्या बाजीरावानं वसईला तह केला, तो अमलात आणायला कंपनी निघाली होती. खर्च मात्र हैदराबादचा.

लातूरचा पोऱ्या

एवढं कशाला सर, आपल्याकडं म्हण हाय की. कुंपणानंच शेत खाल्लं!

परभणीकर

नाही बसत दादा. कुंपण आपण घातलेलं असतं, आपल्याच बांधावर. त्यानं शेत खाल्लं तर तो घरचा विश्वासघात झाला, जसा पहारेकऱ्यानंच चोरी करावी. इथं दुसऱ्याला आणून बसवलंय. त्याला ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ जवळची. १७९८ ला रोख रक्कम होती. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहात रोखीऐवजी मुलूखच तोडून दिला : बल्लारी, कडप्पा, अनंतपूर तो सगळा भाग. मैसूरच्या दोन युद्धांत निजामाच्या वाट्याला आलेला मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनीकडं. शिवाय कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलणी नाहीत.

धाराशिवकर

एक दुरुस्ती करतो, कारण क्लासच्या नोट्समध्ये ही गल्लत कायम असते. तैनाती फौज वेगळी आणि कंटिंजंट वेगळी. १८०० च्या तहानं निजामानं युद्धाच्या वेळी आपलं सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ द्यायचं होतं. इंग्रजांना ते स्वार कामाचे वाटले नाहीत. मग रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा वकील, हेन्री रसेलच्या काळात निजामाच्याच पैशानं, गोरे अधिकारी नेमून नवी फौज उभी राहिली. पुढं तिलाच हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, या तिच्या छावण्या. तैनाती फौजेच्या खर्चाचा मुलूख १८०० लाच तोडून झाला होता. कंटिंजंटचा खर्च चालूच राहिला. त्यासाठी कर्ज, कर्जावर व्याज, व्याज थकलं म्हणून नवं कर्ज. शेवटी मे १८५३ च्या तहात वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आमचा धाराशिवचा पट्टा कंपनीच्या ताब्यात गेला. कारण काय, तर आपलीच म्हणवली जाणारी फौज पोसायला पैसा नाही.

आमच्याकडं तिथून सात वर्षं इंग्रजांची. डेप्युटी कमिशनर मेडोज टेलर नळदुर्गला बसायचा. नळदुर्ग बघितलाय ना? बोरी नदी अडवून किल्ल्यात घेतलेली, भिंतीतून पाणी पडतं तो पाणीमहाल. असला किल्ला लढून घ्यायचा म्हटलं तर किती दिवस लागले असते! इथं तो नुसत्या थकबाकीपायी लहान दोस्ताकडून मोठ्या दोस्ताकडं गेला. १८५७ ला निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही. १९०२ मध्ये कर्झननं ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाखांवर. आणि ज्या कंटिंजंटपायी हे सगळं झालं ती पाठोपाठ हिंदुस्थानी लष्करात विलीन करून टाकली.

हिंगोलीकर काका

सगळे निजामाला बिचारा करायलेत म्हणून विचारतो. त्याचं गेलं काय? पेशवाई १८१८ ला बुडाली, नागपूरकर भोसले १८५४ ला खालसा झाले, निजाम १९४८ पर्यंत गादीवर. १८०३ च्या युद्धानंतर भोसल्यांचं वऱ्हाड त्यालाच मिळालं होतं. दुबळ्यानं बलवंताची सावली धरली तर त्यात गैर काय? कौटिल्यानं परराष्ट्र धोरणाच्या सहा गुणांत ‘संश्रय’, म्हणजे बलवंताचा आसरा, धरलाय तो उगीच नाही. मास्तरांना शब्द हवाय ना? घ्या, संश्रय.

परभणीकर

काका, संश्रय शब्द चोख आहे. पण त्याच कौटिल्याला आपल्याहून बलाढ्याची संगत मोठ्या धोक्याची वाटते. शत्रूनं घेरलं असेल तरच ती धरावी, असं त्याचं म्हणणं. संश्रय हा अडचणीतला उपाय, दीडशे वर्षांचा संसार नव्हे.

आणि राहिला म्हणजे कसा राहिला? पहिल्या महायुद्धात पैसा आणि माणसं पुरवली म्हणून मीर उस्मान अलीला १९१८ मध्ये किताब मिळाला : ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त, ‘यार-ए-वफादार’. त्या दोस्तीच्या जोरावर त्यानं वऱ्हाड परत मागितलं, बरोबरीच्या नात्यानं. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं उत्तर आलं. आशय असा की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ताच सार्वभौम आहे, कुणाही संस्थानिकानं बरोबरीनं वाटाघाटी करायचा हक्क सांगू नये. किताब दोस्ताचा, पत्र मांडलिकाला. माझ्या मते ‘मांडलिक’ हाच खरा शब्द. तो कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, एवढंच.

बीडचे मास्तर

परभणीकर, ‘सार्वभौम’वरूनही पोरं गोंधळतात. संस्थानांच्या धड्यात ‘सार्वभौम सत्ता’ म्हणजे इंग्रज, आणि उद्देशिकेत ‘सार्वभौम गणराज्य’ म्हणजे आपण.

परभणीकर

कारण जुना अर्थ तोच आहे. सर्वभूमीचा तो सार्वभौम, चक्रवर्ती. तसा एकच असू शकतो, बाकीचे मांडलिक. आजच्या अर्थानं मात्र ज्याच्या त्याच्या हद्दीत जो तो सार्वभौम, आकार केवढाही असो. संस्थानांच्या धड्यात मी ‘अधिसत्ता’ वापरतो, गोंधळ होत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला ही अधिसत्ता संपली, आणि निजामानं त्याचा अर्थ ‘मी आजपासून सार्वभौम’ असा घेतला. जुन्या दोस्ताकडून पाठबळ येईल ही त्याची आशा. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार झाला, पुढं रझाकारांचा धुमाकूळ चालला, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला कारभार आटोपला. त्याला सोडवायला लंडनहून कुणी आलं नाही.

धाराशिवकर

डेन्मार्कला मांडलिक म्हणू नका मात्र. ग्रीनलंडमध्ये अमेरिकेचा तळ आहे तो १९५१ च्या करारानं. पिटुफिक म्हणतात, पूर्वीचं थुले. पण डेन्मार्कला इतर दोस्त आहेत, त्यांच्याशी बोलायची मुभा आहे. निजामाला तीच नव्हती. साम्य बघायचं तर विमानांत बघा. डेन्मार्कची नवी लढाऊ विमानं अमेरिकन एफ-३५. विमान स्वतःचं, पैसे स्वतःचे, वैमानिक स्वतःचा. सुटे भाग आणि सॉफ्टवेअर तिकडून. मार्च २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संसदेच्या संरक्षण समितीच्या अध्यक्षानं ती निवड केल्याचा पस्तावा उघड बोलून दाखवला. विमान बंद पाडायचं गुप्त बटण असतं का यावर लोक वाद घालत बसले होते. बटण कशाला लागतंय? सुटा भाग पाठवला नाही तरी भागतं. मला तर कंटिंजंट आठवली.

उलट फ्रान्स बघा. द गॉलनं १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढलं, परक्या फौजांना देशाबाहेर जायला सांगितलं, पण करारातून नाव काढलं नाही. अण्वस्त्र चाचणी १९६० लाच करून ठेवली होती. दोस्ती ठेवली, तैनाती काढली.

हिंगोलीकर काका

फ्रान्सला परवडलं. डेन्मार्क केवढा, त्याच्या माथी ग्रीनलंड केवढं! सांगणं सोपं आहे राव.

छावणीवाला (संभाजीनगर)

मास्तरांच्या पोरीला शब्द कुणीच दिला नाही. मी बातम्यांचं काम करतो, आम्ही ‘मित्रदेशाकडूनच धोका’ असं शीर्षक लावतो. त्या ‘च’वर भागतं.

परभणीकर ताई

शीर्षकात भागेल, फक्त ‘धोका’ जपून. पुण्याकडं धोका म्हणजे संकटाची शक्यता. आमच्याकडं दखनी उर्दूच्या शेजारामुळं ‘दोस्तानं धोका दिला’ हेच कानात बसलंय, म्हणजे फसवणूक झालीसुद्धा. डेन्मार्कला अजून कुणी धोका दिलेला नाही, त्यांना धोका वाटतोय. लेकरांना वाक्य असं द्या, मास्तर : ‘अमेरिका हे डेन्मार्कचं मित्रराष्ट्र असून डेन्मार्कला तिच्यापासून धोका वाटतो.’ ‘असून’च्या जागी ‘असले तरी’ लिहिलं तरी मार्क कापू नका.