कलमांच्या बागेतला १९३४ चा बंगला, ह्याला हेरिटेज म्हणता येईल का?

रातांबी:
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमची सामाईक बाग आहे, वर हापूसची कलमं आणि खाली आगरात नारळ-पोफळी. मधोमध पणजोबांनी बांधलेला बंगला, दारावर शके १८५६ कोरलंय म्हणजे १९३४. पणजोबा मुंबईत नोकरीला, त्यामुळे घर धड कोकणी नाही धड मुंबईचं नाही. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागं माजघर-पडवी अगदी गावासारखी आणि पुढं मात्र अर्धगोल व्हरांडा, त्याला सिमेंटची उगवत्या सूर्याची जाळी, आत रंगीत फरशी. २०२० च्या निसर्ग वादळात एका बाजूची कौलं उडाली ती उडालीच, तेव्हापासून ताडपत्रीवर भागतंय. आता काका म्हणतात पाडू आणि स्लॅबच्या चार खोल्या काढून होमस्टे करू. इंजिनियर बघून म्हणाला, किंमत फक्त चिऱ्याची आणि सागाची. मला पटत नाहीये पण काकांपुढं मांडायला मुद्दा पण नाही.

चिरेखाण:
सरकारी शिक्क्याची आशा सोडा. केंद्राच्या प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, आणि ती भरली तरी राष्ट्रीय महत्त्व दाखवावं लागतं. हेरिटेज इमारतींच्या ग्रेड एक-दोन-तीनच्या याद्या मुंबईसारख्या शहरांत, आपल्या गावात कोण करतंय. पण तुम्ही जे वर्णन केलंत ना, तेच खरं मोल आहे. तेव्हा मुंबईत आर्ट डेको, म्हणजे गोलाईच्या आणि उगवत्या सूर्यासारख्या नक्षीच्या, इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, मरीन ड्राइव्हच्या अशा इमारतींना २०१८ ला युनेस्कोचा मान मिळाला, आणि तीच हौस एक चाकरमानी गावाकडं घेऊन आला, दर्शनी भाग मुंबईचा केला आणि माजघराला हात नाही लावला! राजवाडे सगळे जपतात हो, चाकरमान्याचं घर कोण जपतं? एक करा, सुटी झालेली फरशी उलटी करून मागं छाप आहे का बघा. भारत फ्लोअरिंग्ज ही स्वदेशी कंपनी १९२२ ची, तिचा निघाला तर मजाच. साग ब्रह्मदेशचा पण असू शकतो, १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानातच होता.

आगरकर_गुहागर:
हे सगळं वाचायला छान वाटतं पण दर वर्षी मे महिन्यात कौलं परतायला माणूस कुठून आणणार ते सांगा. आमच्याकडं वानरं एका दुपारी पन्नासेक कौलं फोडून जातात, शेवटी कंटाळून पत्रे टाकले. रात्री पावसात टीव्ही ऐकू येत नाही, उन्हाळ्यात भट्टी, पण गळत नाही. काकांना व्हिलन करू नका, खर्च त्यांच्याच खिशातून जात असणार.

चुनाभट्टी:
आगरकर, वानरांचं खरंय. पण रातांबीताई, ठेवायचं ठरलंच तर एक लक्षात ठेवा, भिंतींना सिमेंटचं प्लास्टर चढवू नका. जांभा, म्हणजे तुमचा चिरा, ओल पितो आणि सोडतो, वरून सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते. आम्ही ही चूक करून बसलो, तीन पावसाळ्यांत पोपडे, आणि तुळईची टोकं भिंतीत कुजली ते वेगळंच. चुन्याचाच गिलावा करा. आणि त्या सूर्याच्या जाळीत लोखंड असेल तर खाऱ्या हवेनं गंजून फुगलं असेल, आधी ते बघून घ्या, लहान मुलांना तिथं टेकू देऊ नका. होमस्टेच करायचं तर संडास-बाथरूम मागं वेगळं बांधा, लोकांना तेवढंच नवं लागतं.

सातबारावाला:
घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, कोणाच्या नावावर आहे? सामाईक असेल तर बाकी हिस्सेदारांना डावलून एकट्याला पाडता येत नाही. पण हे काकांना पहिल्याच वाक्यात सांगू नका, नाहीतर बाग पण कोर्टात जाईल.

रातांबी:
सगळ्यांचे आभार. फरशी उलटी केली, मागं अक्षरं आहेत पण चुना घट्ट बसलाय, काका स्वतःच जुना टूथब्रश घेऊन घासत बसले दीड तास. बोलले काही नाहीत. मी पण नमुना ८ चा विषय काढला नाही. मागच्या बाथरूमच्या खर्चाचं मात्र त्यांनीच विचारलं. आगरकरदादा, पत्रे कौलांच्या खाली टाकून वर कौलं ठेवता येतात का हो, कोणी केलंय?