मिठाईच्या दुकानातील रोजच्या उत्पादनासाठी मशिन लर्निंग कोठून शिकावे?

प्रश्न (नाशिकहून):
नमस्कार. आमचे मिठाई व फरसाणाचे दुकान असून उद्या कोणता माल किती करायचा, हे आजवर वडील अनुभवाने ठरवत आले; आता ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे. जानेवारी २०२३ पासूनची सर्व बिले संगणकावर आहेत. एक्सेल मला चांगले येते, पायथनची तोंडओळख झाली आहे. मशिन लर्निंग (जुन्या आकड्यांवरून संगणकाला अंदाज बांधायला शिकवणे) त्यातल्या न्यूरल नेटवर्कसारख्या अवघड पद्धतींपर्यंत सगळे शिकून मगच या आकड्यांना हात घालावा का?

उत्तर १:
न्यूरल नेटवर्क तूर्त बाजूला ठेवावे. 'उद्या किती खपेल' आणि 'उद्या किती करावे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्याला निर्णय दुसऱ्याचा घ्यायचा आहे. समजा, सुरळीच्या वड्यांना किलोमागे १६० रुपये खर्च येतो आणि विक्री ४०० रुपयांनी होते. माल कमी पडला तर २४० रुपयांचा नफा बुडतो. उरला तर, वड्या दुसऱ्या दिवशी विकता येत नसल्याने, १६० रुपये वाया जातात. २४० ला या दोन्ही नुकसानांच्या बेरजेने, म्हणजे ४०० ने, भागल्यास ०.६ येते, म्हणजे शंभर दिवसांपैकी साधारण साठ दिवशी पुरेल इतकाच रोजचा माल करणे किफायतशीर ठरते. खर्च २४० असता तर हाच आकडा ०.४ झाला असता आणि बहुतेक दिवशी माल संपून जाणेच फायद्याचे ठरले असते. सरासरीचा अंदाज देणारे मॉडेल हे सांगू शकत नाही. त्यासाठी क्वांटाइल रिग्रेशन (सरासरीऐवजी 'शंभरांपैकी साठ दिवशी पुरेल' असा आकडा काढणारी पद्धत) शिकावे, ते पायथनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीमध्ये तयार मिळते. (रिकाम्या हाताने परतलेले गिऱ्हाईक पुन्हा येते की नाही, याची किंमत या हिशेबात धरलेली नाही. ती वडिलांनाच विचारावी.)

उत्तर २:
गणित पटले, परंतु बिलांतून विक्री कळते, मागणी नव्हे. साडेपाचला माल संपला, तर त्यानंतर आलेल्यांची नोंद कोठेच राहत नाही. अशा आकड्यांवर शिकलेले मॉडेल कमी माल सुचवते, तेवढाच माल केला की विक्रीही तेवढीच दिसते, आणि मॉडेल बरोबर ठरल्याचा भास होतो.

शिवाय मॉडेलला महिना देऊन भागणार नाही, तिथी द्यावी लागेल. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला होता. श्रीखंडाची विक्री त्याच्याबरोबर सरकते. २०२३ मध्ये १८ जुलैपासून अधिक श्रावण होता. जावयाच्या वाणामुळे तेव्हा खपलेले अनारसे पाहून मॉडेलने दर जुलैत ते करायला सांगितले, तर दोष मॉडेलचा नाही.

उत्तर ३:
मला वाटते, आपण दोघेही घाई करत आहात. आधी एक्सेलमध्येच मागील चार आठवड्यांतील त्याच वाराची सरासरी काढावी आणि शेवटच्या तीन महिन्यांवर ती तपासावी. पुढे जे मॉडेल कराल त्याने याच तीन महिन्यांत या सरासरीपेक्षा कमी नुकसान करून दाखवावे, तेही रुपयांत. तपासणीसाठी दिवस सरमिसळ करून निवडू नयेत. तसे केल्यास मॉडेल पुढच्या आठवड्याकडे पाहून मागचा ओळखते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. माल संपल्याची वेळ आमच्याकडे खरोखरच कोठे लिहिली जात नाही. उद्यापासून गल्ल्याशेजारी त्यासाठी वही ठेवतो. तूर्त केवळ सुरळीच्या वड्या घेऊन, वाराच्या सरासरीपासून सुरुवात करतो.