इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला ‘उरलेली शाखा’ म्हणणाऱ्यांस उत्तर

लाइन_बॅलन्स
प्रवेशफेऱ्यांचे दिवस आहेत. परवा एका पालकांनी मुलासाठी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगविषयी, म्हणजे काम कसे चालते ते मोजून आणि पाहून सुधारण्याच्या शाखेविषयी, विचारले, तेव्हा ‘स्पष्टवक्ता’ यांनी लिहिले की ही मेकॅनिकल हुकलेल्यांची शाखा आहे, चार वर्षे स्टॉपवॉच धरून उभे राहायला शिकवतात आणि ते काम कुठलाही अनुभवी सुपरवायझर करू शकतो. मी 19 वर्षे हेच काम करतो आहे, त्यामुळे ते वाचून मला गप्प बसवले नाही.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी रुजू झालो तेव्हा 400 टनी प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला सरासरी 1 तास 50 मिनिटे लागत. मालकांचे मत होते की प्रेस कमी पडतात, आणखी एक घ्यावा लागेल. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कोटेशनही मागवले होते. मी तीन पाळ्या नुसता उभा राहून पाहत होतो. सेटर, म्हणजे डाय बसवणारा कामगार, जुनी डाय उतरवल्यानंतर पुढची आणण्यासाठी फोर्कलिफ्टला हाक मारायचा. प्रत्येक डायच्या क्लॅम्पिंग प्लेटची जाडी वेगळी, म्हणून बोल्टही वेगवेगळ्या लांबीचे, आणि ते शोधायला तो टूल रूमपर्यंत चार खेपा घालायचा. डायची उंची सारखी नसल्यामुळे शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर आत उरणारी उंची) दर वेळी नव्याने लावावी लागे. आम्ही पॅकिंग प्लेटा लावून उंची एकसारखी केली, क्लॅम्पची जाडी एक केली आणि पुढची डाय प्रेस चालू असतानाच शेजारच्या टेबलावर आणून ठेवू लागलो. आठ महिन्यांत ती वेळ 35 मिनिटांवर आली आणि नवा प्रेस घ्यावा लागला नाही. अभियंते शिगेओ शिंगो यांनी जपानमध्ये घालून दिलेलीच ही रीत आहे: मशीन थांबवूनच करावे लागणारे काम कोणते आणि ते चालू असताना उरकता येणारे कोणते, हे आधी वेगळे करायचे. कुणालाही हे सुचले असते असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की त्या शॉपमध्ये अकरा वर्षे ते कुणालाच का सुचले नाही.

स्पष्टवक्ता
ते उत्तर माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. शट हाइट, क्लॅम्पिंग, डायची जाडी हे सारे मेकॅनिकलचेच ज्ञान आहे, म्हणजे तुमचे उदाहरण माझीच बाजू मांडते. मी 14 वर्षे मुलाखती घेतल्या आहेत. या शाखेच्या मुलांना गँट चार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता) काढता येतो, पण बेअरिंग का जळाले असे विचारले की ती गप्प होतात. आधी मेकॅनिकल करावे, दोन-तीन वर्षे शॉपमध्ये घासावीत आणि मग वाटल्यास पवईला जावे. तिथे 1963 मध्ये स्थापन झालेल्या निटी या औद्योगिक अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संस्थेची, जी 2023 पासून आयआयएम मुंबई झाली, ओळख पदवीनंतरच्याच शिक्षणासाठी होती आणि ती वाट योग्य होती. ज्याने एकही मशीन उघडून पाहिलेले नाही त्याने कारखाना सुधारायला निघावे, हे मला पटत नाही.

वऱ्हाडी_अभियंता
बेअरिंगचे राहू द्या, आम्हाला मुलाखतीपर्यंत पोचू तरी दिले जाते का? मी नागपुरात याच शाखेची पदवी घेतली. कंपन्यांच्या ऑनलाइन अर्जात शाखा निवडायच्या यादीत मेकॅनिकल असते, प्रॉडक्शन असते, आमची नसते. ‘इतर’ निवडले की अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेत उत्पादन व औद्योगिक अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, तरीही जाहिरातीत ‘मेकॅनिकल किंवा समकक्ष’ लिहिलेले असले की ‘समकक्ष’ म्हणजे काय हे समोरच्या कारकुनाच्या मर्जीवर ठरते. मी एकदा विद्यापीठाचे पत्र घेऊन रात्रभर प्रवास करून गेलो होतो आणि ते पत्र कुणी उघडूनही पाहिले नाही.

गिरणगावची_लेक
नोकरी कोणाला मिळते याची चर्चा चालली आहे, परंतु ज्याच्यापुढे घड्याळ धरून उभे राहता त्याच्याविषयी इथे अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही. माझे पणजोबा 1928 च्या संपात होते. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, ही तेव्हाच्या मालकांची ‘शास्त्रीय’ योजना होती आणि तिच्याविरुद्ध मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या. माझे वडील ठाण्याच्या एका कारखान्यात ड्रिलिंगवर होते. तिथे तुमच्यासारखेच एक साहेब आठवडाभर पॅड घेऊन उभे राहिले आणि पाळीचा नॉर्म 240 नगांवरून 310 वर गेला. उन्हाळ्यात वडील पाणी पिणे टाळायचे, कारण मुतारी शेडच्या दुसऱ्या टोकाला होती आणि जाऊन येईपर्यंत दहा-बारा नग मागे पडत. त्यांना पुढे मुतखड्याचा त्रास झाला. त्या साहेबांच्या कागदावर ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहिली होती, हे मला समजून घ्यायचे आहे.

लाइन_बॅलन्स
ताई, तुमच्या वडिलांवर अन्याय झाला हे मान्य आहे. मात्र तो शास्त्रामुळे झाला, हे मान्य नाही. तो रकाना असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कोष्टकात पुरुषांसाठी वैयक्तिक गरजांचे 5 टक्के आणि मूळ थकव्याचे 4 टक्के, स्त्रियांसाठी 7 आणि 4 टक्के एवढी सवलत धरलेली आहे. उभ्याने काम, उष्णता, आवाज यांची भर त्यावर पडते. मोजलेल्या वेळेत ही सवलत न मिळवता नॉर्म लावणारा माणूस आमच्या शाखेचा नव्हेच. दुसऱ्याच्या पापाचे खापर आमच्या डोक्यावर फोडू नका.

गिरणगावची_लेक
‘आमच्या शाखेचा नव्हेच’ असे म्हणून सुटता येणार नाही. शाखेचे मूळ पुरुष, अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी तिथल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात एका मजुराला दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन लोखंड वाहायला लावले आणि त्याची मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 केली, हे त्यांनीच अभिमानाने सांगितले आहे. काम जवळपास चौपट आणि पैसे दीडपटीहून थोडे अधिक. 1911 मध्ये अमेरिकेतल्याच वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात घड्याळ आले तेव्हा ओतारी काम सोडून बाहेर पडले होते. आता सवलतीचे म्हणाल, तर त्याआधी रेटिंग येते. समोरचा कामगार 100 च्या गतीने काम करतो आहे की 85 च्या, हे घड्याळ सांगत नाही, तुमचा डोळा सांगतो. तुमचा पगार कोण देतो त्यावर तो डोळा काय पाहतो हे ठरते. यावर उत्तर द्या.

लाइन_बॅलन्स
माझ्या प्रामाणिकपणावर असा शिंतोडा उडवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी स्वतः दोनदा नॉर्म खाली आणले आहेत आणि त्यासाठी वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत.

सातासमुद्रापार
थोडे शांतपणे घ्यावे ही विनंती. मी अमेरिकेत एका रुग्णालयात हेच काम करते. इथे पर्ड्यू, जॉर्जिया टेक या विद्यापीठांतील ही शाखा कुणी उरलेली मानत नाही. टेलर यांच्याच काळातील गिलब्रेथ पतिपत्नींना ताईंनी वगळले आहे. फ्रँक गिलब्रेथ यांनी वीट रचण्याच्या 18 हालचाली 5 वर आणल्या, त्या गवंड्याला पळवून नव्हे, तर उंची बदलता येणारी परांची देऊन, म्हणजे प्रत्येक विटेसाठी वाकणेच संपले. लिलियन मानसशास्त्रज्ञ होत्या आणि थकवा हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मी ऑपरेशन थिएटरमध्ये दोन शस्त्रक्रियांमधील वेळ मोजत होते, तेव्हा विलंबाचे कारण परिचारिकांचा संथपणा असल्याचे सर्जन सांगत होते; प्रत्यक्षात निर्जंतुक उपकरणांचा ट्रे दोन मजले खालून येत होता आणि लिफ्ट जेवणाच्या गाड्यांबरोबर वाटून घ्यावी लागत होती. मोजमाप केले नसते तर दोष परिचारिकांच्याच माथी राहिला असता.

स्पष्टवक्ता
ताईंचे रेटिंगविषयीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. लिफ्टची गोष्ट मात्र मला निरुत्तर करते, कारण ती कोणत्याही मेकॅनिकलवाल्याला दिसली नसती. आम्ही लिफ्टची मोटर तपासून परत आलो असतो. एवढे मी कबूल करतो. बेअरिंगविषयीचे माझे मत कायम आहे.

कोल्हापूरचा_पालक
परवाचा प्रश्न माझा होता. पसंतीक्रम भरायची मुदत उद्या संध्याकाळी संपते. मुलाला गणित आणि आकडेवारी आवडते, ड्रॉइंग अजिबात आवडत नाही. टेलर आणि संप याविषयी पुष्कळ समजले, परंतु फॉर्ममध्ये काय भरावे ते अजून समजलेले नाही.

वऱ्हाडी_अभियंता
काका, शाखेच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम उघडून पाहा. ऑपरेशन्स रिसर्च (गणिताने सर्वांत चांगला पर्याय शोधणे), सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रण आणि सिम्युलेशन (संगणकावर कामाची नक्कल) हे विषय पूर्ण सत्राचे असतील आणि शिकवणारे त्याच विषयातले असतील, तर ड्रॉइंग न आवडणाऱ्या मुलाने ही शाखा अवश्य घ्यावी. जुन्याच मेकॅनिकलला नवी पाटी लावलेली असेल, तर मेकॅनिकलच घ्यावे. निदान अर्जातल्या यादीत नाव सापडेल. चौथ्या वर्षाच्या दोन मुलांना इंटर्नशिप कुठे केली हे विचारा, आणि ते कॉलेजने ठेवलेल्या दिवशी नव्हे, एरवी जाऊन विचारा. मी एवढा कडवटपणे बोललो तरी सांगतो की आज गोदामाच्या नियोजनात आहे आणि काम मनापासून आवडते. पहिली तीन वर्षे मात्र फार वाईट गेली.

लाइन_बॅलन्स
काका, वरील सल्ला योग्य आहे. मुलाला एखाद्या कारखान्यात दिवसभर उभे राहून पाहू द्या. कंटाळला तर ही शाखा त्याची नाही.

ताई, रेटिंग डोळ्यावर अवलंबून असते हे तुमचे म्हणणे मी रात्रभर मनात घोळवले. म्हणूनच पूर्वनिर्धारित वेळेच्या पद्धती आल्या, ज्यांत हात पुढे नेणे, पकडणे, ठेवणे यांना 0.036 सेकंदाच्या एककात वेळ आधीच ठरलेली असते. तरीही मूळ आकडे कुणाच्या तरी डोळ्यांतूनच आले, हे मला नाकारता येत नाही. यापुढे माझ्या अभ्यासाचा कागद व्यवस्थापनाकडे जाण्याआधी त्या मशीनवरच्या माणसाला मराठीत वाचून दाखवीन आणि त्याची हरकत असल्यास ती त्याच कागदावर लिहीन.

गिरणगावची_लेक
मुतारी किती पावलांवर आहे, तेही त्या कागदावर लिहा.