सापसुरळीच्या बाटलीवर आता कोणतं नाव लिहू?

तेरेखोलकाठ:
आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या नमुन्यांना नव्या चिठ्ठ्या लावतेय. एका बाटलीत वीतभर लांबीची सापसुरळी आहे, चिठ्ठीवर फिकट शाईत "माबुया कॅरिनाटा, सावंतवाडी, 1974". पुढे शिकायला गेलेली मुलं म्हणतात, आता युट्रोपिस म्हणायचं. नाव का बदललं? आणि जुनी चिठ्ठी काढून टाकू का?

सागरगड:
ताई, जुनी चिठ्ठी अजिबात काढू नका! नवी तिच्या शेजारी ठेवा. गाव आणि साल हीच त्या बाटलीतली खरी दौलत आहे.

नावाचं म्हणाल तर श्नायडरने 1801 मध्ये हिला स्किंकस कॅरिनाटस म्हटलं. पुढे अमेरिका, आफ्रिका, आशिया अशा तिन्हीकडच्या शंभराहून जास्त जाती माबुया या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, कोंबल्या गेल्या. 2002 मध्ये माउसफेल्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून तिचे चार भाग केले. माबुया हे नाव अमेरिकेतल्यांकडे राहिलं. आशियातल्यांना फिट्झिंगरने 1843 मध्येच दिलेलं युट्रोपिस हे नाव मिळालं. आफ्रिकेतल्या आज ट्रॅकिलेपिस, केप व्हर्दे बेटांवरच्या किओनिनिया. मला ही वाटणी पटते, कारण फरक नुसता कागदावरचा नाही: अमेरिकेतल्या माबुया पिल्लांना जन्म देतात, आपली कॅरिनाटा अंडी घालते.

वैनगंगा:
आमच्या गडचिरोलीचंही नाव यात आहे, ते इथे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. युट्रोपिस अलापल्लेन्सिस! कार्ल श्मिट यांनी 1926 मध्ये आलापल्लीच्या जंगलातल्या नमुन्यावरून वर्णन केलं, तेव्हा हा भाग चांदा जिल्ह्यात होता. आमच्या सागवनाच्या पाचोळ्यात सापसुरळी सळसळली की लोक अजून काठी उचलतात. विष नसतं हो तिच्यात, मारू नका.

तेरेखोलकाठ:
दोघांचे आभार. पण बाटलीत खरंच कॅरिनाटाच आहे हे कसं पडताळू? रंग पार उडालाय.

सागरगड:
रंगावर जाऊच नका, अल्कोहोलात तो टिकत नाही. भिंगाखाली पाठीचा एकेक खवला बघा. कॅरिनाटाच्या खवल्यावर बहुधा 3 उभे कंगोरे असतात, तिच्याच प्रजातीतल्या युट्रोपिस मॅक्युलारियाच्या 5 ते 9, आणि ती चणीनेही लहान. खालची पापणीही बघा. तिच्यात पारदर्शक खिडकी दिसली तर मात्र युट्रोपिस डिसिमिलिस ही तिसरी जात, पण ती उत्तरेकडची, सावंतवाडीला अपेक्षित नाही. कॅरिनाटा भारतात बहुतेक सगळीकडे, शिवाय नेपाळ, भूतान, बांगलादेशात आहे. मॅक्युलारिया पूर्वेला थेट व्हिएतनामपर्यंत जाते. कोकणात दोघी एकाच बांधावर भेटतात, म्हणून तर खवले बघायचे.

तेरेखोलकाठ:
बघितले. पाठीच्या मधोमध प्रत्येक खवल्यावर 3 कंगोरे, पापणी खवलेदार. "युट्रोपिस कॅरिनाटा" लिहून चिठ्ठी आत सोडली, 1974 ची तिच्या शेजारीच आहे.